तीन घोट

गेल्या जूनमध्ये आमचं कॅम्पेन संपलं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, फासे टाकत खेळायची एक लांब गोष्ट. चौदा महिने चाललं होतं, जवळजवळ दर शनिवारी संध्याकाळी, नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर. बाहेर पाऊस पडून गेलेला, खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता आणि आत चिवडा-कांद्याचा. सगळे गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. डिशमध्ये उरलेला चिवडा, पिळलेल्या लिंबाच्या फोडी, टोक मोडलेल्या पेन्सिली, चहाच्या कपांचे गोल. कॅरेक्टर शीट्स, म्हणजे ज्याच्या त्याच्या पात्राचे कागद, गोळा करून फाईलला लावत होते तेव्हा भाचीचं शीट हातात आलं. खाली कोपऱ्यात 'सामान' असा चौकोन असतो, त्यात तिने तिच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं, 'तांब्याचा तांब्या, ३ घोट', आणि पुढे पेन्सिलीने काढलेले तीन छोटे गोल. एक घोट वापरला की एक गोल खोडायचा असं ठरलं होतं. तिन्ही गोल कोरे होते.

आणि तासाभरापूर्वीच आमचा नावाडी मेला होता.

नावाडी म्हणजे तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं कॅरेक्टर. शेवटच्या लढाईत, नदीच्या पात्रात, कमरेएवढ्या पाण्यात मेला. भाचीची वैदीण त्याच्या अगदी शेजारी उभी होती. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि खेळ चालवणारी, मला ते सगळं दिसत होतं. तो तांब्या मीच तिला तिसऱ्या सेशनला दिला होता आणि नेमका ह्याच कामासाठी दिला होता, जीव जाणाऱ्याच्या तोंडात एक घोट घातला की तो उठून बसतो, असं तीन वेळा. मी काही बोलले नाही, कारण खेळाडूच्या पिशवीत काय आहे ते डीएमने सांगू नये असं मी मानते, म्हणजे तेव्हा मानत होते. मैत्रीण रडली वगैरे नाही, पण तिने तिचे फासे डबीत भरायला खूप वेळ लावला, एकेक करून. दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. विसरलीस का गं तांब्या, विचारलं. "नाही मावशी, मी शीटवर बघतच होते की." मग दिला का नाहीस? थोडा वेळ ती गप्प बसली, मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाली, "मला वाटलं अजून वाईट वेळ येईल."

तेरा वर्षांची आहे ती. हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

जे असे खेळ खेळतात त्यांना ह्यात काही नवीन वाटणार नाही. पोशन, म्हणजे जादूच्या औषधाची बाटली, जपून ठेवायची आणि खेळ संपला की पिशवीत नऊ बाटल्या तशाच, हे सगळीकडे होतं, आणि सगळे म्हणतात की खेळाडूंचा स्वभावच साठवायचा असतो, त्याला काय करणार. पण ही पोरगी साठवणाऱ्यातली नाहीये. तिच्या हातात खाऊ टिकत नाही, चॉकलेट फोडलं की आधी चार जणांना वाटते मग उरलं तर स्वतः खाते. म्हणून मला वाटायला लागलं की दोष तिच्या स्वभावात नाहीये, मी लिहिलेल्या नियमातच कुठेतरी आहे, आणि तो मला सापडत नव्हता.

नियम चुकायची ही पहिली वेळ नव्हती. आमच्या खेळाचे नियम मीच लिहिते, सुरुवातीपासून, कारण सुरुवात केली तेव्हा वीस बाजूंचे फासे आमच्याकडे नव्हतेच, मेन रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते साधे लुडोचे सहा बाजूंचे दोन फासे घेतले आणि त्यावर सगळं बसवलं. पहिली जादूची वस्तू केली ती एक कोयता. द्राक्षाच्या बागेत सापडलेला, रात्री निळसर चमकणारा. नियम काय द्यायचा ह्याचा फार विचार केला नाही, सगळीकडे असतो तसा 'प्लस वन' देऊन टाकला, फासा पडेल त्यात एक मिळवायचा. वीस बाजूंच्या फाशावर प्लस वन म्हणजे 5 टक्के, वीसातली एक बाजू, संध्याकाळभर खेळून जेमतेम एखाद्या वेळी उपयोगी पडेल इतकं. पण दोन फाशांचं गणित वेगळं असतं. बेरीज 8 किंवा जास्त हवी असेल तर 36 पैकी 15 वेळा पडते, एक मिळवला की 7 ला काम होतं आणि 36 पैकी 21 वेळा पडते. म्हणजे शंभरात 42 वरून एकदम 58. तो कोयता ज्याच्याकडे गेला, बँकेतला आमचा एक मित्र, तो त्या शनिवारी जिथे मारेल तिथे लागत होतं. तो खूश होता आणि बाकीचे तिघं हळूहळू मोबाईल बघायला लागले. वस्तू एकाला दिली तरी तिचा नियम सगळ्या टेबलाला लागतो, हे मला त्या रात्री भांडी घासताना नीट कळलं. पुढच्या आठवड्यात मी प्लस वन काढला आणि लिहिलं की हा कोयता वेल कधीच कापत नाही, वेलीला बांधलेलं मात्र काहीही सोडवतो. मित्र थोडा नाराज झाला पण तीन सेशननंतर त्याच कोयत्याने त्याने वडाच्या पारंब्यांत अडकवून ठेवलेलं एक अख्खं गाव सोडवलं, आणि टेबलावर सगळे उभे राहून ओरडत होते.

तांब्याच्या वेळी मी दुसऱ्यांचे नियमही वाचले. डंजन्स अँड ड्रॅगन्स हे असल्याच खेळाचं नाव, ते 1974 साली आलं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांचं, आणि तेव्हापासून कांड्या, बाटल्या, अंगठ्या किती वेळा चालाव्यात ह्यावर लोक डोकं चालवतायत. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जादूची कांडी नवी बनवली की तिच्यात 50 चार्ज असायचे, म्हणजे 50 वेळा चालायची, संपले की नुसतं लाकूड. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत आगीच्या गोळ्यांच्या कांडीत 7 चार्ज असतात, रोज पहाटे एक फासा टाकून एक मिळवायचा तेवढे परत भरतात, आणि शेवटचा चार्ज वापरलात तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, 1 पडला की कांडीची राख. हे मला फार आवडतं, त्या शेवटच्या चार्जला हात लावताना पोटात खड्डा पडतो. त्याच आवृत्तीत अट्यूनमेंट आहे. मोठ्या ताकदीच्या बऱ्याच वस्तू तुमच्या व्हायला आधी तासभर त्यांच्यापाशी निवांत बसावं लागतं, आणि अशा वस्तू एका वेळी तीनच. चौथी हवी तर एक सोडायची.

अट्यूनमेंटला मराठीत काय म्हणायचं हे मी बरेच दिवस शोधत होते, 'जुळणी' लिहून बघितलं, 'बांधणी' लिहिलं, सगळं कोरडं वाटत होतं, आणि एक दिवस श्रावणातल्या कहाण्या आठवल्या आणि शब्द आपोआप समोर आला. वसा. उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका. आजी तांबट लेनच्या वाड्यात देवापुढे हातात तांदूळ घेऊन कहाणी सांगायची, आम्ही भावंडं पाटावर, आणि त्या कहाणीत आधी वसा कसा घ्यायचा ते यायचं, काय करायचं, कधी करायचं, मग पुढे कुणीतरी उततं मातं, वसा टाकतं, आणि सगळं वैभव जातं. कहाणीतला चमत्कार मला कधी नीट आठवत नाही. अट मात्र आठवते. आमच्या शीटवर आता 'वसे' असा रकाना आहे आणि तो वाचायला मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

तर आजी. भाचीच्या त्या वाक्यामुळे मला खरं म्हणजे आजीचा गडू आठवला होता आणि मी तो आठवायचं टाळत होते.

आजीच्या देवघरात, अगदी मागे, बाळकृष्णाच्या मागच्या अंधारात, काशीहून आणलेला गंगेचा गडू होता. मुठीत मावेल एवढा, तांब्याचा, तोंडावर चकती ठेवून चारही बाजूंनी डाग देऊन बंद केलेला. त्या डागाची रेघ ओबडधोबड होती, एका जागी थेंब ओघळून तसाच गार झालेला, मी त्यावरून नख फिरवायचे. दिवाळीला सगळी भांडी चिंचेने घासली जायची तेव्हा गडूही निघायचा, घासून लालबुंद व्हायचा, आणि पुसायला माझ्याकडे दिला की मी तो कानापाशी नेऊन हलवायचे. आत डुळुक असा आवाज यायचा. खूप लांब, विहिरीत खाली काहीतरी पडल्यासारखा. आजी म्हणायची, "हलवू नको गं, ते शेवटच्या घोटाचं आहे." शेवटचा घोट म्हणजे काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं पण कळलं होतं.

आजोबा गेले ते भर पावसाळ्यात, तापाने, घरीच. चार दिवस आधीपासून सगळे आजीला सांगत होते की गडू काढ. मामा पक्कड घेऊन तयार होता. आजी उशाशी बसलेली, ओल्या पंचाच्या घड्या बदलत, आणि दर वेळी तेच म्हणायची, "अजून तशी वेळ नाही आली." चौथ्या दिवशी पहाटे, अजून उजाडायचं होतं, ती स्वयंपाकघरात चहा टाकायला उठली आणि तेवढ्यात आजोबा गेले. गडू देवघरात होता, दहा पावलांवर. मला तेव्हा, मी दहा वर्षांची, आजीचा राग आला होता. इतका जपला, मग दिला का नाही. पुढे कित्येक वर्षं मला वाटत राहिलं की ती विसरली, घाबरली, किंवा गडू तिला आजोबांपेक्षा जवळचा होता. भाचीचं ते वाक्य ऐकलं आणि पहिल्यांदा वाटलं की आजीला सगळं दिसत होतं, तिला फक्त 'ही तीच वेळ' असं तोंडाने म्हणायचं नव्हतं. गडू फोडला असता तर आजोबा जाणार हे तिनेच ठरवल्यासारखं झालं असतं.

माझ्या तांब्याचा नियम हुबेहूब तोच होता. जीव जाताना. घोट द्यायचा तर आधी कबूल करायचं की हा मरतोय, ह्याहून वाईट आता काही नाही, आणि ते मी एका तेरा वर्षांच्या मुलीच्या एकटीच्या गळ्यात घातलं होतं, कोपऱ्यातल्या एका चौकोनात, जिथे तिच्याशिवाय कुणाची नजर जात नव्हती.

कर्णाचंही काहीसं असंच झालं. इंद्राने दिलेली शक्ती, एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली, चौदाव्या रात्री घटोत्कच अंगावर आला आणि सगळे कौरव ओरडायला लागले तेव्हा वापरावी लागली. लहानपणी मला हे अन्यायाचं वाटायचं. आता वाटतं, एका चार्जची वस्तू जवळ असली की ती माणसाला रोज विचारत राहते, आज का, आज का, आणि कर्णाने ते किती दिवस सोसलं असेल. त्याउलट द्रौपदीची थाळी बघा. तिच्यावर मोजणीच नाही, कितीही ब्राह्मण येऊ देत, फक्त द्रौपदी जेवली की त्या दिवसापुरती थाळी बंद. किती साधी अट आहे, आणि ती रोजच्या जगण्यात बसलेली आहे. घरातली बाई शेवटी जेवते हे सगळ्यांना माहीत, त्याच सवयीवर नियम बांधला, आणि दुर्वास दहा हजार शिष्य घेऊन नेमके तिचं जेवण झाल्यावर येतात तेव्हा गोष्ट तिथून सुरू होते. ही थाळी कुणी जपून ठेवली असती का? ठेवताच येत नाही. वापरलीच जाते, दुपारी, रोज. ह्या अटीसारखी अट मला कधी सुचेल असं वाटत नाही पण तिच्याकडे बघत बघत मी परत लिहायला बसले.

त्या पावसाळ्यात तांब्याचे चार तरी नियम केले असतील. पहिला, रोज पहाटे नदीवर भरला की तीन घोट परत. दोन सेशन खेळून बघितला. वापरला गेला, पण कसा, तर चहासारखा. खरचटलं की घोट, दमलं की घोट, लढाईची भीतीच गेली आणि भाचीची मैत्रीण, जी आता नवीन कॅरेक्टर घेऊन आली होती, ती म्हणाली, "मग आधीचा नावाडी फुकटच मेला ना." मी तो नियम त्याच दिवशी काढला. दुसरा, पहाटेचं भरणं बंद, घोट मोजायचे नाहीत, पण दर घोटाला दोन्ही फासे टाकायचे आणि दोन्हीवर एकेक पडला तर तांब्याला भेग. 36 मध्ये एकदा. कागदावर सुंदर वाटला आणि टेबलावर सगळे परत जपायला लागले, कारण भेग पडायची भीती मोजता येत नव्हती. तिसरा आपल्या रहाडीवरून सुचला. रंगपंचमीला रहाड उघडतात, एक दिवस माणसं त्यात उड्या मारतात, आणि मग वर लाकडं आणि माती टाकून बुजवून टाकतात, वर्षभर त्याच चौकातून आपण स्कूटर नेतो आणि खाली रंगाचा एवढा मोठा हौद आहे हे चाकाला कळतही नाही. तांब्याही तसा, वर्षातून एकदाच पण त्या दिवशी सगळ्यांना. वस्तू म्हणून मला अजूनही तो फार आवडतो आणि कधीतरी मी तो दुसऱ्या कशाला तरी वापरणार आहे, पण आमच्या खेळात वर्ष उलटायला खरे आठ-नऊ महिने लागतात. पोरं तोवर दहावीला जातील.

मध्येच एक गोष्ट मात्र बदलली ती टिकली. गोदाघाटावर कामासाठी गेले होते, गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, आणि पुलावर माणसं उभी राहून पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीकडे बघत होती, पाणी कुठवर आलंय ते. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, एक आजोबा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "छातीला आलंय, सामान वर घ्या." मीटर नाही, आकडा नाही, ज्याला डोळे आहेत त्याला पूर किती ते कळतं. घरी येऊन मी एक खरा तांब्या टेबलाच्या मधोमध ठेवला आणि त्यात तीन कवड्या टाकल्या. शीटवरचे गोल बंद. घोट घेतला की कवडी बाहेर, सगळ्यांच्या देखत, टण्ण असा आवाज करून. तेव्हापासून तांब्या कुणा एकीच्या लक्षात ठेवायचा राहिला नाही.

चौथा नियम लिहायला मला फार वेळ लागला नाही, बहुतेक तो आतून तयारच होता. तांब्यातलं पाणी स्वतःच्या हाताने पिता येत नाही, दुसऱ्याने पाजावं लागतं. पाजायला मरणाची वाट बघायची नाही, तहान, ताप, जखम, भीती, काहीही चालेल. आणि कवड्या परत भरतात त्या वाटेत भेटलेल्या अनोळखी तहानलेल्या माणसाला पाणी दिलं तरच, त्याला ओळख न विचारता. हाच त्याचा वसा. लिहून झाल्यावर मला आजी आठवली, पण वेगळी, आजोबांच्या नंतरची. उन्हाळ्यात वाड्याच्या दारात जो कुणी उभा राहील त्याला ती आधी तांब्याभर पाणी द्यायची, भंगारवाला असो, पोस्टमन असो, पत्ता चुकलेलं कुणी असो, मग विचारायची, "कोण हवंय?" गडूबद्दल ती पुढे कधी बोलली नाही. ती गेली तेव्हा आईने तो फोडला. डागाच्या रेघेत स्क्रू ड्रायव्हर घालून, घाईत, चकती वाकडी झाली. आत चमचाभर पाणी होतं. पोचलं तिच्यापर्यंत.

गेल्या शनिवारी तो नियम पहिल्यांदा खेळलो. एकच कवडी उरली होती, वाळूच्या घाटावर भर दुपार, मी उन्हाचं वर्णन करत होते, तापलेले दगड, पाण्याचा पत्ता नाही, आणि वर्णनातच, कसलाही हेतू न ठेवता, बोलून गेले की वाळूची पोती लादलेलं एक गाढव वाटेत गुडघ्यावर बसलंय. मला पुढे एक मेंढपाळ आणायचा होता, तो तहानलेला असणार होता, कागदावर तसं लिहिलेलं होतं. भाची उठून उभी राहिली. तांब्या उचलला, कवडी हातात घेतली आणि म्हणाली, "मी ह्याला पाजते." बँकेतला मित्र म्हणाला, अगं शेवटची आहे, पुढे लढाई असेल. ती म्हणाली, असू दे. मग माझ्याकडे बघून, "मावशी, गाढव चालतं का?"

नाथांची कावड मी तिला कधी सांगितली नव्हती, शाळेत कुणी सांगितली असेल किंवा नसेलही. मी काहीच बोलू शकले नाही थोडा वेळ. सगळे माझ्याकडे बघत होते, पंखा फिरत होता, शीट्सची टोकं उडत होती. मग मी नियमाचा कागद पुढे ओढला, 'माणसाला' असं लिहिलं होतं ते खोडलं, वर 'जिवाला' लिहिलं, आणि तीन कवड्या मोजून तांब्यात टाकल्या.